देवरामआबांची मंडळी

आमच्या शिंदखेड्यात कुणाच्या घरी मेलेला उंदीर सापडला, तर तो उकिरड्यावर जात नसे, देवरामआबांकडे जात असे. तोही कागदात नीट गुंडाळून. शेपटी तुटलेला उंदीर आबा घेत नसत.

आबा पेशानं शिंपी. मी तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचो आणि त्यांच्या शेजारीच भाड्यानं राहायचो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आबा मशीन बाजूला सारत. उंदराचं नाहीतर खारीचं कातडं अलगद सोडवत, मीठ-तुरटी चोळत, आत तार आणि पिंजलेला कापूस भरत आणि असं शिवत की टाका शोधून सापडू नये. डोळ्यांना काळे मणी. मिशा मात्र ज्याच्या त्याच्या.

तरुणपणी शिरपूरकडे एका शिकारी साहेबाचे तंबू शिवताना त्यांनी ही विद्या उचलली होती. साहेब वाघ भरून घ्यायचा. "आपले वाघ कोन दी?" आबा म्हणत. "उंदीर बठ्ठास्ना घरमा शे, घरोघर शे."

एकदा शेजारच्या काशीअक्कांनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या. तासाभरानं त्यांची किंकाळी! त्याच बाजेच्या कोपऱ्यावर आबांनी दोन उंदीर वाळत ठेवले होते.

"आबा, हा मेला माझ्या कुरडयांकडे बघतोय!"

"देखू दे व माय," आबा शांतपणे म्हणाले, "खाई तं नही ना!"

जिवंत प्राण्याला मात्र ते हात लावत नसत. एका दुकानदारानं पिंजऱ्यात जिवंत उंदीर आणला आणि "मारून देऊ का?" म्हणाला. आबांनी पिंजराच उघडला. "जीव देवना, कातडं मनं. देवनं काम मी करत नही." सुटलेला उंदीर सरळ शिवायच्या कापडात शिरला आणि त्यानं त्याच दुकानदाराच्या शिवायला टाकलेल्या नव्या कोटाची बाही कुरतडली.

एका वर्षी शाळेत शास्त्राचं प्रदर्शन भरलं. मी आबांची ही कापूस भरलेली मंडळी मागितली. आबा स्वतःच टोपली घेऊन आले आणि दिवसभर टेबलामागे उभे राहिले. तपासनीस साहेब खारीपुढे वाकले. "आता हलेल, असं वाटतं हो!"

"ती चिंचवर बसे, मान वाकडी करीसन देखे," आबा म्हणाले. "ती मान याद करामा माले चार दिन लागनात."

संध्याकाळी आम्ही टोपली घेऊन परतत होतो. मी सहज विचारलं, "आबा, खारीची मान एवढी कशाला लक्षात ठेवता?"

आबांनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, "मना एक पोऱ्या व्हता, गुरुजी. चार वरीसना. धुळाले जाईसन फोटो काढू, आज काढू, उद्या काढू... दोन दिनना तापमा गया." आणि पुढे म्हणाले, "त्याना सदरानं माप याद शे. छाती बावीस, लांबी सोळा. पन तोंड याद येत नही."

"सरूअक्कांना विचारा की," मी म्हणालो. सरूअक्का म्हणजे त्यांची बायको.

"तिले रोज दिसस तो. पन ईचारू कसा?" आबांचा आवाज एकदम खाली आला. "मी ईसरी गऊ, हाई तिले माहीत नही."

दारात सरूअक्का उभ्या होत्या. "दमनात ना?" म्हणत त्यांनी आबांच्या हातातली टोपली घेतली.