नऊ तारखेची गाय आणि संगणक शंकानिवारण मंडळ

प्रश्नाला उत्तर मिळणे ही क्षुल्लक गोष्ट आहे. प्रश्न रीतसर मांडला जाणे महत्त्वाचे. ज्या समाजाला हे उमगले तो पुढे जातो, आणि या बाबतीत बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा हात धरणारा दुसरा मुलूख सापडणे कठीण. येथे दूध, ऊस आणि पाणी या तिन्ही गोष्टी सभा भरवून, सूचक-अनुमोदक नेमून आणि शेवटी चहा घेऊन वाटल्या जातात. संगणकाच्या अडचणी वाटून घेण्याची वेळ आली, तेव्हा त्याही याच मार्गाने गेल्या यात नवल नाही.

'संगणक शंकानिवारण मंडळ, बारामती-इंदापूर' याची स्थापना १९९८ साली झाली. बारामतीत एसटी स्टँडमागे संगणकाचा क्लास चालवणारे सावळाराम तात्या हे त्याचे संस्थापक, अध्यक्ष आणि टेलिफोनधारक. तात्यांच्या एका संगणकाला मोडेम आणि मोडेमला तात्यांच्या घरचाच फोन जोडलेला होता. सभासदाने आपल्या संगणकावरून तो नंबर फिरवायचा, शिट्टी वाजली की आत शिरायचे, फलकावरचा मजकूर वाचायचा, आपला लिहायचा आणि बाहेर पडायचे. लाईन एकच असल्यामुळे मंडळात एका वेळी एकच सभासद हजर राहू शके. त्यामुळे मंडळाच्या सभांत कधीही गोंधळ झाला नाही. (तात्यांच्या पत्नी कुशाबाई यांनी स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलला की तो एकही बाहेर फेकला जाई. पोटनियमात याला 'सभा तहकूब' म्हटले होते.)

पोटनियम साधे होते. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी अभिवादन हवे. रामराम, नमस्कार, जयभीम यांपैकी काहीही चालेल. नंतर विषय, सूचक, अनुमोदक आणि जागा उरल्यास प्रश्न. सभासदांचे तीन वर्ग. क्रियाशील सभासद उत्तरे देत. कार्यकारी सभासद प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारला आहे हे दाखवून देत. आणि वाचक सभासद रोज येऊन सगळे वाचत व एक अक्षर न लिहिता निघून जात. एकूण एकेचाळीस सभासदांत सव्वीस वाचक होते. त्यांना वर्गणी नव्हती, मताधिकार नव्हता आणि तक्रारही नव्हती. "मंडळाचा खरा कणा हाच हाय," असे तात्या सांगत.

या मंडळाच्या कार्याचा उत्तम नमुना म्हणून बावड्याच्या दिशाचे प्रकरण पाहण्यासारखे आहे.

दिशा मूळची पिंपळीची. संगणकाची पदविका घेऊन ती बावड्याच्या एका पशुपैदास केंद्रात सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. केंद्रातल्या एकुलत्या एक वातानुकूलित खोलीत संगणक बसे आणि त्याच्या सोयीसाठी दिशाही. गावोगावच्या गाईंची नोंद ठेवायची आणि दर सोमवारी, पुढच्या पंधरवड्यात कोणती गाय कोणत्या दिवशी विणार याची यादी छापायची, हे तिचे काम. त्या यादीवरून डॉक्टर मोटारसायकल काढत.

१९९९च्या ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी यादी आठ सप्टेंबरपर्यंत आली आणि थांबली.

केंद्राचे संचालक रावजी यांनी कागद उलटा करून पाहिला. मागेही काही नव्हते.

"म्हंजे आठ तारखेनंतर तालुक्यात गाई व्यायच्या बंद?"

"तसं नाही साहेब. प्रोग्रॅममधे काहीतरी आहे. मी बघते."

"बघायचं खरं, पण हात लावायचा न्हाय. परोग्राम तात्यांचा हाय. त्यांच्या परवानगीबिगर कुणी हात घातला तर घरी, आसा ठराव हाय आपला. आन् पुढच्या सोमवारी यादी निघाली न्हाय, तरी घरीच."

दिशाने दोन्ही वाक्ये मनाशी शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही वाटा पिंपळीला जात होत्या.

दाराशी निरवांगीच्या रंगुबाई उभ्या होत्या. चप्पल बाहेर काढून त्या एसीच्या थंडीत पदर गुंडाळत होत्या. त्यांची गाय मागच्या खेपेला अडली होती. वासरू गेले, गाय कशीबशी वाचली. यंदा डॉक्टर वेळेवर यावा म्हणून त्या स्वतः चौकशीला आल्या होत्या.

"पोरी, माझी गाय कुठाय त्यात?"

"मावशी, नोंद आहे. यादीत येत नाहीये."

"तुझ्या यादीत न्हाय. माझ्या गोठ्यात हाय. मग चुकलं कोण?"

दिशाने त्याच संध्याकाळी मंडळाच्या फलकावर प्रश्न टाकला. मंडळाचे काम नीट समजावे म्हणून तो येथे जसाच्या तसा दिला आहे. (मूळ मजकूर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होता, वाचकांच्या डोळ्यांची काळजी घेऊन तो बदलला आहे.)

'नमस्कार, जयभीम. विषय: यादी अर्धवट येणे. सूचक: दिशा, बावडा. अनुमोदक: संघपाल, पिंपळी. आमच्याकडे तात्यांनीच १९९१ साली फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आहे. तो विणाऱ्या गाई तारखेच्या क्रमाने छापतो. या वेळी आठ सप्टेंबरपर्यंतच्या छापल्या आणि थांबला. संगणक बंद करून चालू केला, फरक नाही. व्हायरस तपासला, नाही. प्रिंटरची केबल काढून घातली, कागद बदलला. दुसऱ्या संगणकावर चालवला, तिथेही हेच. पुढच्या गाईंच्या नोंदी आत आहेत, मी पाहिल्या. प्रोग्रॅममध्ये एक ओळ अशी आहे की ९-९-९९ ही तारीख दिसली की यादी संपली असे समजून थांबावे. निरवांगीची एक गाय नेमकी त्या तारखेची आहे. ती ओळ काढू का? प्रोग्रॅम तात्यांचा आहे म्हणून विचारते. हो किंवा नाही एवढेच कळवावे.'

प्रतिसाद उदंड आला. मंडळ जिवंत असल्याची याहून मोठी खूण नव्हती.

पहिले उत्तर इंदापूरच्या राजवर्धनचे. राजवर्धन हा मंडळाचा सर्वांत तडफदार सभासद; वडिलांचे सिमेंटचे दुकान असल्याने त्याच्याकडे वेळ आणि संगणक दोन्ही होते. त्याने लिहिले, 'फॉरमॅट मारा.' हेच उत्तर त्याने आजवर एकसष्ट प्रश्नांना दिले होते. त्यांतला एक प्रश्न 'ळ' कसा काढायचा, हा होता. (फॉरमॅट मारल्यावर त्या सभासदाने पुन्हा काही विचारले नाही. मंडळाच्या नोंदीत तो प्रश्न सुटलेला आहे.)

दुसऱ्याने विचारले, 'बंद करून परत चालू करून पाहिलं का?' तिसऱ्याने विचारले, 'खोलीत जाताना चपला काढता का? व्हायरस त्यातूनच येतो.' चौथ्याने फॉक्सप्रो कालबाह्य झाल्याचे कळवून ओरॅकल घेण्याचा सल्ला दिला. केंद्राच्या संगणकात ओरॅकल भरले असते तर गाईंना जागा उरली नसती, पण सल्ला उच्च दर्जाचा होता. पाचव्याने मूलभूत शंका काढली: 'मुळात गाईच का छापता? म्हशी छापून बघा.' सहावे उत्तर भिमा नावाच्या पतसंस्थेतल्या लिपिकाचे. 'मलाही हाच प्रॉब्लेम आहे,' असे त्याने लिहिले आणि दिशाला पहिल्यांदाच कोणीतरी सोबती मिळाल्यासारखे वाटले. खोलात गेल्यावर त्याचा प्रॉब्लेम मॉनिटर हिरवा दिसण्याचा निघाला.

उरलेल्यांनी 'माझ्याकडे चालतंय' असे लिहिले. (यांतल्या कोणाकडेही हा प्रोग्रॅम नव्हता. दोघांकडे गाई होत्या.)

दिशाने सर्वांचे आभार मानून लिहिले की, बंद-चालू, व्हायरस आणि केबल हे सगळे मूळ प्रश्नात आले आहे, कृपया शेवटच्या चार ओळी वाचाव्यात. यावर मंडळाचे चिटणीस आप्पा यांनी तातडीने प्रश्न वाचला आणि त्यांना त्यात गंभीर चूक आढळली. अनुमोदक संघपाल हा सूचकाचा सख्खा भाऊ होता. एकाच घरातले दोघे सूचक-अनुमोदक राहिल्यास मंडळात घराणेशाही शिरेल, असा शेरा मारून आप्पांनी प्रश्न परत केला. (आप्पांचे चुलते मंडळाचे खजिनदार होते, पण ती निवडणूक बिनविरोध झाली होती.)

दिशाने नवा अनुमोदक शोधला. राजवर्धन एका पायावर तयार झाला. त्याने प्रश्न वाचला नव्हता, त्यामुळे त्याला हरकत घेण्याचे कारण नव्हते.

आता प्रश्न रीतसर दाखल झाला आणि आप्पांच्या लक्षात आले की त्यात तारीख आहे. मंडळात तारखेचे सर्व प्रश्न दोन हजार साल समितीकडे जात. त्या वर्षी एक जानेवारी दोन हजारला जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी बोलवा होती आणि दोन्ही तालुक्यांचा बचाव या समितीकडे सोपवला होता. समितीने आपल्या बैठकीत (सभासद तीन, लाईन एक, बैठक दीड दिवस) असा निर्वाळा दिला की ९-९-९९ ही तारीख दोन हजार सालाच्या आधी येते. सबब ती समितीच्या अधिकारकक्षेबाहेर आहे. सूचकाने जानेवारीपर्यंत थांबल्यास समिती आनंदाने विचार करील.

गाय थांबायला तयार असती तर दिशाही थांबली असती.

शनिवारी, विषय फार लांबला म्हणून, आप्पांनी 'सदर दोष अस्तित्वात आहे काय?' यावर मतदान घेतले. दोष चौदा विरुद्ध एक अशा मतांनी नामंजूर झाला. विरोधी मत दिशाचे होते. राजवर्धनने फलकावर तिची समजूत काढली: 'मॅडम, लोकशाही आहे. वाईट वाटून घेऊ नका.'

रविवारी दिशा पिंपळीला न जाता थेट बारामतीला तात्यांच्या क्लासात गेली. तात्या संगणकाशेजारी बसून पेपर वाचत होते. संगणकाच्या पडद्यावर तिचाच प्रश्न उघडा होता.

"तात्या, एकच विचारायचं होतं. ती नऊ-नऊची ओळ..."

"फलकावर टाक."

"टाकलाय तात्या. हा काय, तुमच्या पुढ्यातच आहे."

"मग येईल की उत्तर. घाई कशाला?"

"तुम्हीच हो म्हणालात तर झालं. तुमचाच प्रोग्रॅम आहे."

तात्यांनी पेपराची घडी घातली. "हे बघ दिशा. तू हुशार हायेस. उद्या प्रत्येक जण असा उठून हितं येऊन तोंडी विचारायला लागला, तर मंडळ कशाला काढलं आमी? शिस्त म्हणून काय हाय का न्हाय?"

"व्हय, हाय," आतून कुशाबाई म्हणाल्या, "पण पोरगी बावड्यास्नं आली, तिला च्या तरी विचारा. का त्यालाबी अनुमोदक लागतो?"

चहा मिळाला. साखर जास्त होती. परतीच्या एसटीत दिशाने पुन्हा एकदा मंडळाच्या कार्याचा मनाशी आढावा घेतला. मंडळाने तिला अभिवादनाची, धीराची आणि लोकशाहीची शिकवण दिली होती. फक्त 'हो' हे एक अक्षर दिले नव्हते.

सोमवारी सकाळी तिने संगणक लावला आणि ती ओळ पडद्यावर आणली. हात लावावा तर ठराव, न लावावा तर मुदत. घरी जायचेच असेल तर रंगुबाईंना यादीत घालून जावे, असे तिला वाटले. फॉक्सप्रोमध्ये ओळीच्या आधी फुली मारल्यासारखी चांदणी टाकली की ती ओळ दिसते, पण चालत नाही, सेवानिवृत्त अधिकाऱ्यासारखी. दिशाने चांदणी टाकली.

प्रिंटर करकरला. आठ तारीख गेली. निरवांगी, रंगुबाई, जर्सी, दुसरे वेत, ९-९-९९. मग दहा, अकरा, बारा, आणि पुढचे गोठे एकामागून एक कागदावर येत राहिले.

रावजींनी यादी हातात धरली आणि समाधानाने मान हलवली. "बघितलंस? मशीनला जरा मुदत दिली की सुधारतं. हात न्हाई ना लावला?"

"एक चांदणी लावली साहेब."

"चांदणी चालंल. शोभंचं काय न्हाय म्हणत आमी."

नोकरी राहिली. मागच्या खेपेला अडलेली गाय म्हणून डॉक्टर दोन दिवस आधीच, मंगळवारी, निरवांगीला गेले, आणि गाय त्याच दिवशी व्याली. तिने नऊ तारखेचा नियम पाळला नाही, पण तीही वाचक सभासदच असावी. तिने तसे कुणाला कळवले नाही. वासरू आडवे होते. डॉक्टर दाराशी होते म्हणून दोघेही वाचली.

दिशाने फलकावर लिहिले: 'प्रश्न सुटला. आभार.' ओळ काढली की नाही हे तिने लिहिले नाही, कारण कोणी विचारले नव्हते.

मंडळात आनंद पसरला. फॉरमॅटने काम झाल्याबद्दल राजवर्धनचे अभिनंदन झाले. तात्यांनी निवेदन काढले की, प्रोग्रॅम मुळातच पक्का होता. १९९१ साली यादीचा शेवट ओळखू यावा म्हणून शेवटी एक खोटी नोंद टाकून तिला कधीही न येणारी तारीख दिली होती, आणि आठ वर्षे ती तारीख खरोखरच आली नाही. दोन हजार साल समितीनेही आपण वेळीच अंग काढून घेतल्यामुळे प्रश्न सुटल्याची नोंद केली. वार्षिक अहवालात हे प्रकरण 'संपूर्ण निवारण' या सदरात आहे.

राहता राहिले वाचक सभासद. त्या आठवड्यात सव्वीसच्या सव्वीस जणांनी दिशाचा प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याचे तात्यांचा संगणक सांगतो. ओळ काढावी हे त्यांतल्या बहुतेकांना पहिल्याच वाचनात कळले होते, असे नंतर कळले. पुढे काय होते ते पाहावे, म्हणून ते रोज येत राहिले.

हे वाचणाऱ्यांनाही तो प्रश्न वर जसाच्या तसा दिला होता, आणि 'हो किंवा नाही एवढेच कळवावे' अशी विनंती त्यात स्पष्ट होती. ज्यांनी तो परिच्छेद घाईत ओलांडला, त्यांची क्रियाशील वर्गात शिफारस करण्यात येत आहे. त्यांनी उत्तरे देण्यास सुरुवात करावी. बाकी सर्वांना उत्तर तेव्हाच ठाऊक होते, तरी शेवटपर्यंत ते काही बोलले नाहीत. त्यांचे वाचक सभासदत्वाचे अर्ज मंजूर झाले आहेत. वर्गणी नाही.