दाजी टेलरांचं पडणं

आमच्या शेजारचे दाजी टेलर रोज सकाळी सात वाजता पडतात.

घसरून नाही आणि चक्कर येऊनही नाही. अंघोळ करून, देवाला फूल वाहून, पांढरा सदरा-लेंगा चढवून आणि कमरेला काळा पट्टा बांधून ते अंगणात येतात आणि पेंढ्याच्या ढिगावर धाडकन पडतात. उठतात, पुन्हा पडतात. वय वर्षं अडुसष्ट. पहिल्या दिवशी मी हातातला चहा टाकून धावलो होतो. कुंपण ओलांडताना माझीच लुंगी अडकली. दाजी उताणे पडल्या पडल्याच म्हणाले, "मास्तर, सावकाश! तुमका पडूक येणा नाय."

हे सगळं एका व्हिडिओमुळे झालं. दाजींनी कट्टा गावच्या बाजारात चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवली. त्या चाळीस वर्षांत त्यांनी कुणाची गचांडी धरली असेल तर ती गळ्याचं माप घेण्यापुरती. दिवाळीत आमच्या वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी ज्युडो शिकवणारा व्हिडिओ टाकला. शिकवणारा कोण, तर एका लांबच्या, थंड देशाचा सगळ्यात मोठा पुढारी. नाव सांगत नाही. रोज पेपरात असतो तो, आणि आमच्या वाडीतून उगाच आंतरराष्ट्रीय भानगड नको. तो हसतमुखाने पहिलवानांच्या कॉलरला हात घालतो आणि त्यांना डोक्यावरून पलीकडे टाकतो. भाषा कुणाला ओ की ठो कळत नाही. बाकीच्यांनी अंगठा दाखवला आणि विसरून गेले. दाजींनी मात्र स्वतःच्या हाताने मांजरपाटाचा पोशाख शिवला आणि मोबाईल तुळशीवृंदावनाला टेकवून शिकवणी सुरू केली.

दाजींची बायको, माई, ओटीवरून ओरडायच्या, "अवो, त्या मेल्याक तुळशीकडे कित्याक ठेवलात? माणसां उडवता तो! पाय लागतत तुळशीक!"

ओटीवरूनच ओरडायच्या, कारण माई खाली उतरत नव्हत्या. गणपतीत त्या ओटीच्या पायरीवरून पडल्या. हाड मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत. पण भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून त्यांनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, पाऊल ठेवलं नव्हतं. मध्ये फक्त तीन पायऱ्या, आणि पलीकडे त्यांनीच लावलेली तुळस. तिला पाणी दाजी घालायचे आणि माई लांबून बघायच्या. "पायरी बघलंय काय खुर्ची घट धरतंय मी," असं त्या माझ्या बायकोला सांगत. सगळ्या आवाठात, म्हणजे वाडीभर, ज्या बाईच्या पायाला भिंगरी असायची, ती बाई खुर्चीला खिळली होती.

आणि त्या माउलीच्या डोळ्यांसमोर हे गृहस्थ रोज कोलांट्या मारणार! दुसऱ्यांच्या संसाराचा राग मला फार लवकर येतो. एक दिवस मी बोललोच, "दाजी, माई थय बसान आसत आणि तुम्ही हयसर खेळ मांडलात?"

"खेळ नाय, अभ्यास," दाजी म्हणाले. मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "आधी माप, मगे कात्री."

या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. त्याचा अर्थ दाजींनाही दरवेळी ठाऊक असतो असं नाही.

व्हिडिओत कुस्ती सुरू होण्याआधी पुढारी हुकूम सोडतो, "रेऽ!" की दोघेही एकमेकांसमोर कमरेत वाकतात. दाजींना हा 'रे' फार आवडला. "बघलात? येवढो मोठो माणूस, पण 'रे' म्हणता. आमचो आरोंद्याचो मावसभाव म्हणता तसो!" त्या दिवसापासून दाजीही रोज मोबाईलसमोर वाकून "रे!" म्हणू लागले. मी पडलो मास्तर. मोबाईलवर शोधून मी त्यांना सांगितलं, की तो जपानी शब्द आहे, नमस्कार करा असा त्याचा अर्थ, आपल्या 'रे'शी त्याचा काही संबंध नाही.

दाजींनी सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक केले. "जपानी म्हणा नायतर काय म्हणा. वाकताना माणूस 'रे' म्हणता, म्हणजे आपलो म्हणता." मग पट्टा आवळत म्हणाले, "बाईल आसती तर 'गो' म्हटल्यान असता."

'गो' म्हणजे आमच्याकडचं 'अगं'. माझं व्याकरण तिथेच चीतपट झालं.

थंडीत आमच्याकडे सकाळी धुकं उतरतं. खिडकीतून पाहिलं तर पोफळी अर्ध्याच दिसतात, वरचे शेंडे कुठे गेले कळत नाही. त्या धुक्यात पांढरे दाजी दिसायचे, विरघळायचे, पुन्हा दिसायचे. पेंढा फस्स करायचा. परदेशी पुढाऱ्याचा बारीक आवाज यायचा आणि त्याला एखादा कोंबडा उत्तर द्यायचा. मी गार होत चाललेला चहा हातात धरून बसायचो. दाजी पडतायत की धुकंच पडतंय, असं वाटायचं, आणि शाळेची वेळ झाली हेही आठवायचं नाही.

अशाच एका सकाळी मी कुंपणाच्या फाटकातून, नीट लुंगी सावरून, दाजींशेजारी जाऊन बसलो. व्हिडिओ चालू होता. मी पुढाऱ्याकडे पाहत होतो. दाजींनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"साहेबाक कित्याक बघतात? ह्येका बघा."

बोटाखाली दुसरा होता. निळ्या पोशाखातला, ज्याला साहेब उचलून टाकत होते. त्याचं नाव कुठे नव्हतं. चेहराही धड दिसत नव्हता, कारण बहुतेक वेळ त्याचे पायच वर असत.

"साहेब एकदाय पडाक नाय," दाजी म्हणाले. "पुढारी पडणत नाय. पडले तरी दाखयणत नाय. पण ह्यो निळो बघा. हनवटी छातीक लावता, पाठ गोल करता, हात आपटता. ताग्यातला कापड टेबलार उलगडता ना, तसो पडता. आणि उठान परत वाकता. माझो गुरू ह्यो."

"पण तुमका पडूक कित्याक शिकूचा आसा?"

दाजींनी ओटीकडे पाहिलं. माई शाल पांघरून खुर्चीत बसल्या होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या.

"ता बघता मा," दाजी हळू आवाजात म्हणाले. "रोज बघता. मी चाळीस वेळा पडतंय, चाळीस वेळा उठतंय. कधीतरी तेका वाटात, पडणा म्हणजे काय मराण न्हय."

इतके दिवस ज्या माणसावर मी मनातल्या मनात दात-ओठ खात होतो, तो बायकोसाठी पडत होता. लाज वाटली. काहीतरी करायला हवं म्हणून मीही पेंढ्यावर पडून बघितलं. पाठ गोल करायची राहिली, कंबर आठवडाभर दुखली. पण वर पाहिलं तेव्हा धुक्यातून पोफळीचे शेंडे हलताना दिसले, पेंढ्याला सुगीचा वास होता आणि उठावंसंच वाटेना. माई ओटीवरून हसल्या. गणपतीनंतर त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

काजूला मोहोर आला तेव्हाची गोष्ट. मी अर्धवट झोपेत होतो. पलीकडून रोजच्यासारखा व्हिडिओचा आवाज नव्हता. शांत होतं. आणि मग दाजींचा आवाज आला.

"गो!"

मी ताडकन उठून खिडकीशी गेलो. खळ्यात माई उभ्या होत्या. तीन पायऱ्या उतरून, तुळशीपाशी. लुगड्यावर मांजरपाटाचं जाडजूड जाकीट होतं, आत गोधडी भरून शिवलेलं, खांद्यात आणि कमरेत नेमकं बसलेलं. दाजींनी कधी गुपचूप माप घेतलं होतं कोण जाणे. पायांखाली पेंढा, त्यावर घरातल्या सगळ्या गाद्या. समोर दाजी कमरेत वाकलेले होते. वर बघायचा त्यांना धीर होत नसावा.

माईंनी एक हात तुळशीवृंदावनावर ठेवला होता. मग तो सोडला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या बाईने नवऱ्याला 'अवो'खेरीज हाक मारली नव्हती, ती सावकाश वाकली, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली,

"रे!"

आणि कुणी हातही लावला नसताना दाजी पडले.