वॉर्निंग आली की उभं राहायचं

कंपायलरने वॉर्निंग दिली की इलियासभाई खुर्चीतून उठून उभे राहतात. शर्टाचं वरचं बटण लावतात आणि पडद्यावरची ती ओळ मोठ्याने वाचतात. "चूक हाय म्हणत न्हाय तो. जरा बघा म्हणतोय. मोठं माणूस बोलतंय, बसून कसं ऐकायचं?"

आमचं ऑफिस सोलापुरात, अक्कलकोट रोडला. चादरीवर नक्षी विणणाऱ्या यंत्रमागांना कॉम्प्युटरचं म्हणणं कळावं म्हणून जे ड्रायव्हर लागतात, ते आम्ही लिहितो. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवताना कंपायलरला जिथे शंका येते, तिथे तो वॉर्निंग देतो. काम अडत नाही, त्यामुळे सगळे काणाडोळा करतात. मीही करायचो. मग एकदा मी मोठा आकडा लहान डब्यात कोंबला, वॉर्निंग आली, मी पुढे गेलो आणि एका कारखान्यात चादरीवरच्या मोराचं डोकं शेपटीच्या पलीकडे जाऊन बसलं. मालकांनी तो माल नवीन डिझाइन म्हणून खपवला, ही गोष्ट वेगळी. इलियासभाई मात्र तेव्हापासून मला "काय मोरवाले, चहा घेनार का?" असंच विचारतात.

साहेबांनी एकदा सुचवलं, की एक सेटिंग बदललं तर वॉर्निंगा दिसायच्याच बंद होतील.

"घरी वहिनी बोलाय लागल्या की कानात बोळे घालता का, साहेब?" इलियासभाईंनी शांतपणे विचारलं. साहेबांनी विषय बदलला.

खरी गंमत जुन्या कोडची. ते लिहिणारी पोरं एकेक करून पुण्याला गेली. त्यांच्या फाइलमध्ये न वापरलेलं एखादं व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेला रिकामा डबा असला, तरी वॉर्निंग येते. ती ओळ खोडायला क्षणभरही लागत नाही. इलियासभाई आधी फोन लावतात.

"स्वप्निल, हे हितं कशाला ठेवलं हुतंस रे? आठवत न्हाय? असू दे. पोरगी चालाय लागली का? आन् तितं भाकरी मिळती का, का नुसता पावच खातोस?"

अर्ध्या तासाने फोन ठेवून ते ती ओळ खोडतात. "न इचारता कसं खोडायचं? त्याचं हाय ते." घरी इलियासभाई एकटेच असतात.

गेल्या महिन्यात मलाही पुण्याला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी इलियासभाईंनी माझं सगळं कोड कंपाइल करायला घेतलं. मोराच्या प्रकरणानंतर मी शहाणा झालो होतो. एकही वॉर्निंग आली नाही. आता शाबासकी मिळणार म्हणून मी उभा, आणि ते आपले बसूनच.

"लई साफ लिवलंयस की," ते म्हणाले. "मग तुला फोन कशापायी करायचा?"

"नुसताच करा की."

"नुसता?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "नुसता फोन करून काय बोलायचं?"

ते चहा सांगायला खाली गेले, तेवढ्यात मी एक फाइल उघडली आणि कुठेच उपयोग नसलेलं एक व्हेरिएबल घालून ठेवलं.

पुण्याला येऊन आता आठवडा झाला. फोन अजून आलेला नाही. इलियासभाई वॉर्निंगा वरून खाली ओळीने घेतात आणि माझी फाइल बरीच खाली आहे. जेवताना मोबाइल मी ताटाशेजारीच ठेवतो.