डोणीत राहायला आलेली थंडी

त्या वर्षी थंडी घोड्यांच्या डोणीत कायमची राहायला आली, आणि बारा रात्री भरल्यावर ग्रामपंचायतीनं तिला रहिवासी दाखला दिला.

तशी ती दरसाल यायची. पौषात पठारावर दव गोठायचं, गवताची पाती पांढरी पडायची, डोणीतल्या पाण्यावर पापुद्रा धरायचा. पण उन्हं वर आली की बिचारी आल्या वाटेनं निघून जायची. त्या वर्षी मात्र उठलीच नाही. चौदा घोडी एका वेळी पाणी पितील एवढी ती लांबलचक दगडी डोण, झऱ्याचा पाइपसुद्धा तिच्यातच पडायचा. पाइपसकट सगळं टणक झालं. दुपारचं ऊन वरून सरकून जायचं आणि डोण तशीच्या तशी.

तेराव्या दिवशी सकाळी गेनाबाई ढेबे पहार घेऊन निघाली. बाईची सत्तरी उलटलेली, पण घोड्याचा पट्टा आवळावा तर तिनंच. डोणीपाशी ग्रामसेवक उंबरकर दगडाला खळ लावून दाखल्याची नक्कल चिकटवत होते.

"मावशी, पहार खाली ठेवा. रहिवाशाच्या घरावर पहार घालता येत नाही."

"घर? ही डोण हाय, भाऊसाहेब. माझ्या सासऱ्यानं छिन्नीनं कोरलीया."

"कोरली त्यांनी. राहते ती. सलग बारा रात्री. मी स्वतः स्थळपाहणी केली, बोट लावून पाहिलं. अजून बधिर आहे."

त्यांनी बोट पुढं केलं. गेनाबाईनं ते दाबून पाहिलं, चिमटा काढून पाहिलं. उंबरकरांनी हूं की चूं केलं नाही. पुरावा खरा होता. तिनं पहार खाली ठेवली.

बाकीच्या घोड्यांचं बादल्यांवर भागत होतं. ओढ्याचं पाणी वाहून आणायचं, घोटभर पाजायचं. पण गेनाबाईची कवडी बादलीत तोंड घालायची नाही. जन्मल्यापासून डोणीत पिणारी घोडी ती. त्यातून गाभण, दिवस भरत आलेले. आधी डोणीतला बर्फ चाटून तिनं दिवस काढले, मग तेही सोडलं. आता दोन दिवस तिच्या पोटात पाणी नव्हतं आणि लीद सुपारीसारखी कडक पडत होती.

दाऊदभाई नालबंद शेजारचा. नाल ठोकता ठोकता घोड्यांची दुखणी ओळखायला शिकलेला. त्यानं कवडीच्या कुशीला कान लावला, आणि बराच वेळ लावून ठेवला.

"गेनाआक्का, आतड्यांत काहीच वाजत न्हाई. उद्या सकाळी पाणी गेलं पाहिजे. न्हाईतर घोडी बी जाईल आन् पोटातलं बी."

"जाईल कशी? म्या हाय की," गेनाबाई म्हणाली आणि तडक पंचायतीत गेली.

उंबरकर वही उघडून बसले होते. ती समोर मांडी घालून बसली.

"भाऊसाहेब, ती आमच्यासारखीच रहिवाशी म्हणायची?"

"अगदी तुमच्यासारखी."

"आमाला जे लागू, ते तिला लागू?"

"सगळं लागू. त्यात भेदभाव नाही."

"मंग घोड्यांस्नी पाणी पाजायची पाळी? वस्तीत घरटी एक दिवस हाय. नवं घर आलं की दुसऱ्या दिवशीची पाळी त्येची. म्या लगीन होऊन आले, तवा हळदीच्या अंगानं पाजलंय."

उंबरकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाळीची वही काढून दोनदा वाचली.

"नियम आहे खरा," ते म्हणाले. "नोटीस काढावी लागेल."

"काढा. म्याच निऊन देते. तुमचं दुसरं बोट कशाला बधिर करता?"

नोटीस घेऊन ती डोणीपाशी आली आणि दगडावर हात ठेवून उभी राहिली.

"थंडीबाई, उद्या पाळी तुझी. चौदा घोडी."

डोणीत काही तरी तडकलं. मग आवाज आला, बारीक आणि स्वच्छ. "मी पाणी पाजू? मी?"

"दाखला कुणाच्या नावाचा हाय?"

"माझ्या."

"मंग झालं तर."

"मला येत नाही, बाई. मी कधी कोणाला काही पाजलं नाही. जाईन तिथं लोक दार लावून घेतात. फटीत चिंध्या कोंबतात. म्हणून तर इथे राहिले. या घराला दारच नाही."

गेनाबाईला जरा वाईट वाटलं, पण घोडी डोळ्यांसमोर होती. "येत कुणालाच नसतं. ऐक. कासराभर दिवस वर आला की पाजायचं. पाणी कोमट पायजे, मनगटावर घेतलं तर कळू नये असं. आन् घरात बसून पाळी हुत न्हाई. भाईर यावं लागतं."

थंडीनं विचारलं, "कोमट कसं करतात?"

"ते शेजारीण म्हणून म्या करून देते. पुढच्या खेपंला तू माझं काय तरी कर."

सकाळी गेनाबाईनं डोणीशेजारी तीन दगडांची चूल मांडली आणि हंडा चढवला. सगळी वस्ती घोंगड्या लपेटून जमली. उंबरकर वही घेऊन हजर होते. कासराभर दिवस वर आला तशी डोणीतून थंडी बाहेर आली. दिसली कोणालाच नाही, पण सगळ्यांनी एकदम पदर, मफलर कानांवर ओढले. तिच्या मागं डोणीतला बर्फ कडाकडा सुटला आणि पाइपातून धार पडायला लागली. वरून गेनाबाईनं हंडे ओतले. थंडी बघायला पुढं सरकली, तर वाफ विरली आणि कडेनं परत पापुद्रा धरायला लागला.

"आगं, लांब हो! धा पावलं लांब!" दाऊदभाई ओरडला. "पाळी तुझी, पर तिथनं कर."

थंडी डोणीपलीकडच्या जांभळाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. जांभळाची पानं पांढरी झाली, त्यावरून कळलं.

तेरा घोडी पाण्याला लागली. कवडी मात्र मान टाकून उभी. आता घोड्याला पाणी पाजायचं म्हणजे शीळ घालावी लागते, एकसुरी, लांब. ती ऐकली की घोडं घोट घेतं. गेनाबाईनं ओठ जुळवले. पण पुढचे दात गेल्या पावसाळ्यात गेलेले, नुसतीच फुंकर निघाली. दाऊदभाईनं घातली, कवडीनं कानसुद्धा हलवला नाही. एकेकानं घालून पाहिली. उंबरकरांनी वही बगलेत धरून घातली. कवडीचे पाय थरथरायला लागले आणि ती पुढच्या गुडघ्यांवर बसू पाहत होती. एकदा बसली की उठणार नव्हती.

"बाई," जांभळाखालून आवाज आला, "मी घालू का? दारांच्या फटींतून घालायची सवय आहे."

"इचारतीस काय? पाळी तुझी न्हवं? घाल की!"

मग थंडीनं शीळ घातली. इतकी लांब, इतकी एका सुरातली की माणसं श्वास घ्यायची थांबली. कवडीचे कान उभे झाले. तिनं मान उचलली, डोणीत तोंड बुडवलं, आणि पिऊ लागली. शीळ थांबली नाही, घोट थांबले नाहीत. दाऊदभाईनं कुशीला कान लावला. थोड्या वेळानं तो हसला आणि बाजूला होऊन गेनाबाईला जागा करून दिली. आत गडगडत होतं. गाडा दगडांवरून जावा तसं.

उंबरकरांनी वहीत लिहिलं, 'पाळी समाधानकारक.' खाली थंडीचा घरबदलाचा अर्जही घेतला. तिला जांभळाखालीच बरं वाटत होतं. त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी पाळी गेनाबाईची होती. पाणी कोमट, डोण भरलेली, आणि कवडी पाण्याकडे पाठ करून जांभळाकडे तोंड करून उभी. गेनाबाई पदर सावरून झाडापाशी गेली.

"येतीस का गं?"

"आज माझी पाळी नाही," थंडी म्हणाली. तिलाही आता नियम ठाऊक झाले होते.

"न्हाई. माझी हाय. शेजारीण म्हणून बलावते."

शीळ सुरू झाली. कवडी वळली. गेनाबाईनं मागं जाऊन चुलीवर दोन कप चहा केला. एक फुंकून फुंकून प्याली. दुसरा झाडाखाली नेऊन ठेवला, आणि पार निवेपर्यंत तिथंच बसून राहिली.