जशी आहेस तशी

गावभर बोंब झाली तरी बेहत्तर, पण बोर्डावर आपणच झळकायचं, असं क्रांतीनं ठरवलं. आणि ऐंशी किलोच्या बाईनं एकदा ठरवलं की तिला हलवायला क्रेनच लागते!

सांगलीच्या विश्रामबागेत राजेश्वरीताईंचं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान. क्रांती जवळच्या गावातून येऊन तिथं काउंटरला. अंगानं भरलेल्या बायका यायच्या, भिंतीवरच्या काटकुळ्या मॉडेल बघायच्या आणि चोरट्यासारखा एखादा हातरुमाल घेऊन परत जायच्या. क्रांतीचा जीव तुटायचा. लग्नाआधी तिनंही असे पुष्कळ हातरुमाल जमवले होते.

"ताई, मोठ्या मापाचा माल भरा आन बोर्डावर माझा फोटू लावा. पोटासकट!"

ताई खूश! त्यांनी खाली घालायची ओळही सुचवली, 'जशी आहेस तशी!'

फोटो निघाला. अंगातली स्लिप लग्नातल्या ब्लाउजपेक्षा जास्त झाकणारी होती, पण हे सासूला कोण पटवणार? फौजेतल्या नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर विचारलं. रेंज नव्हती, तो नुसताच "व्हय, व्हय" म्हणाला. झाली परवानगी! सासूबाईंसाठी, म्हणजे मनुबाईंसाठी, तिनं उत्तर पाठ केलं, "आत्याबाई, मी हाय ही अशी हाय. मला लाज वाटत न्हाई!" भाकरी थापताना तीच तालीम, भांडी घासताना तीच.

बोर्ड चढला. क्रांती रस्त्यापलीकडे जाऊन बघते तर काय! गोरीपान, शेलाटी, बिनपोटाची बाई! स्लिप क्रांतीची, कानातलं क्रांतीचं, मधली क्रांती गायब!

तिनं फ्लेक्सवाल्या आप्पासोला फोन लावला.

"माझं प्वाट कुठं गेलं?"

"काढलं की वैनी! साहेबांच्या वाढदिवसाला त्यांचंबी मीच काढतोय. तुमचं तर फुकटात काढलंय!"

"आन माझ्या हाताचं दंड?"

"निम्मं केलं."

"मग खाली 'जशी आहेस तशी' लिवलंय, त्ये?"

"त्ये लय ठळक केलंय की!"

राजेश्वरीताईंनी वर बघितलं, क्रांतीकडे बघायचं टाळलं आणि म्हणाल्या, "राहू दे गं. उठून दिसतंय."

दुपारी एक भारदस्त बाई पायरीपर्यंत आली. बोर्डाकडे बघून पुटपुटली, "आपल्या मापाचं न्हाई गं बाई हितं," आणि वळली.

क्रांती मागं धावली. "आवं मावशी, हाय की! बोर्डावर मीच हाय!"

मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चालायचा वेग वाढवला. क्रांती आत जाऊन मोठ्या मापाच्या मालाच्या न उघडलेल्या खोक्यांमागे रडली.

पुढच्या आठवड्यात मनुबाई दात दाखवायला सांगलीला आल्या आणि थेट दुकानासमोर उभ्या! क्रांतीनं पदर खोचला. सासूनं चारचौघांत शिव्या घातल्या तरी चालतील, पण ओळखावं तरी कुणीतरी!

"कोन गं ही?" मनुबाई बोर्डावरून नजर काढेनात. "काय देखणी हाय!"

"आत्याबाई, ती मी हाय."

मनुबाईंनी बोर्डाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, परत बोर्डाकडे बघितलं.

"लग्नाआदीचा फोटू व्हय? मग आमच्यात येऊन हे काय करून घेतलंस गं!"

क्रांतीनं खोचलेला पदर सोडला.

पावसाच्या तोंडावर बोर्ड उतरला. मनुबाईंनी तो मागून नेला आणि गोठ्याला आडोसा म्हणून बांधला. आता क्रांती रोज सकाळी शेण काढते तेव्हा ती शेलाटी बाई वरून हसत असते. 'जशी आहेस तशी!' ही अक्षरं नेमकी म्हशीच्या डोक्यावर आली आहेत.

मनुबाई म्हशीच्या पाठीवरून कौतुकानं हात फिरवतात. "कशी भरलीया बघ अंगानं! दिष्ट लागंल माझ्या बाईला!"

मग सुनेकडे वळतात. "आन तू जरा भाकरी कमी खा."