ठवकरांचे बिनतारी सिग्नल

ठवकर भेटले की आधी आपलं मनगट धरत. घड्याळ रेडिओच्या वेळेपेक्षा जरा मागं असलं, की न विचारता स्वतःच काटा फिरवत. एका लग्नात त्यांनी भटजींचंही घड्याळ लावून दिलं. त्या भानगडीत मुहूर्त टळला, तरी यांचा चेहरा कृतार्थ.

नागपुरात बिजली खात्यात आम्ही दोघं सुपरवायझर. रामदासपेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सिग्नल एकमेकांशी जुळवायचे होते, आणि खोदून केबल टाकायला पैसा नव्हता. ठवकर म्हणाले, "वायर कायले पायजे जी? सिग्नलच्या पेटीपेटीत लाल-हिरवं बदलवणारं घड्याळ बसवतो. करंट सगळ्यायले एकच, घड्याळं बरोबरीनं चालतीन."

बसवली. एखाद्या भागातली लाइट गेली की तिथलं घड्याळ मागं पडे, आणि हे महाशय सायकल दामटत ते लावायला जात. वर ऑफिसात येऊन आमचं डोकं खात.

एवढा उपद्व्याप करून निघालं काय? मोटारवाल्याला पहिला सिग्नल हिरवा मिळाला, की पुढचा हमखास लाल. साहेबांची गाडी रोज अडकू लागली. त्यांनी झापलं तर ठवकर म्हणतात, "गाडीवाल्यायले कायची घाई हाय? हळू चालवावं." अशा दीडशहाण्यापुढं कोण बोलणार? साहेबांनी घड्याळं मोटारीच्या हिशोबानं बदलायचं काम माझ्याकडे दिलं. मला गुदगुल्याच झाल्या.

पेट्या बघायला निघालो, तर स्कूटर बंद पडली. सायकलरिक्षा केली. पहिला सिग्नल हिरवा, पुढचा हिरवा, त्याच्या पुढचाही हिरवा. रिक्षा कुठं थांबेचना.

"या रोडवर ब्रेक मारावाच नाई लागत," रिक्षावाला म्हणाला. "ठवकरभाऊनं माह्याच रिक्षात बसून टाइम लावला ना. बायकोच्या मणक्याले दुखणं हाय त्यायच्या. दवाखान्यात मीच नेतो. रिक्षा थांबून निघाली का धक्का बसते, अन् बाई कळवळते."

ठवकरांच्या घरी कोण आजारी आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात समोरून बाईंना घेऊन एक रिक्षा आली. आज रिक्षावाला दुसराच होता. पाठीमागं उशी लावून बाई बसलेल्या, आणि शेजारून सायकलवर ठवकर, एक हात रिक्षाच्या दांडीला. बाईंचा डोळा लागला होता. मला पाहून ठवकरांनी फक्त बोट ओठांवर ठेवलं.

मी ऑफिसात परतलो आणि साहेबांना सांगितलं, "हे काम मला येत नाही."