नाक्यावरची अचीव्हमेंट

इंग्रजी शब्द नेमक्या जागी बसवण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या नवीन पनवेलात नाही. याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. दुसरं मत देणारी माझी बायको वसुंधरा त्या उन्हाळ्यात स्कूटीवरून पडण्यात गर्क होती.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने स्कूटी शिकायला घेतली. तिची आई सुकापूरला एकटी, आणि एवढ्याशा अंतराला रिक्षावाले असे बघतात, जणू आपण त्यांची किडनी मागतोय!

एके दिवशी गुडघा सोलून, पण हसत घरी आली. "अहो, मैदानाला पूर्ण चक्कर मारली! अचीव्हमेंट!"

मला राहवलं नाही. "अचीव्हमेंट म्हणजे प्रयत्न अधिक यश. नुसत्या प्रयत्नाला घाम म्हणतात."

ती गुडघ्याला मलम लावत बसली. ते मलम मला आठवडाभर झोंबत होतं.

म्हणून मी बेत आखला. लायसन्सच्या टेस्टनंतर ती आईकडेच जाणार. सुकापूरच्या नाक्यावर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा! फ्लेक्सवाल्या प्रणितला मजकूर दिला: 'सौ. वसुंधराताईंचे हार्दिक अभिनंदन! फॉर हर ग्रेट अचीव्हमेंट!'

"काका, अचीव्हमेंट कसली ते?"

"लिहू नकोस. स्कूटी म्हटलं की किरकोळ वाटतं."

फोटो दिला तो भाचीच्या लग्नात पाहुण्यांना हात जोडतानाचा. दुसरा नव्हताच.

टेस्टच्या दिवशी नाक्यावर जाऊन बघतो तर काय! वर साहेबांचा राक्षसी फोटो, खाली गॉगलवाले पंधरा शुभेच्छुक आणि मधोमध हात जोडून वसुंधरा!

"अरे, हे कोण सगळे?" दोरी आवळत असलेल्या प्रणितला मी विचारलं.

"काका, रिकामी जागा बरी दिसत नाय. आणि साहेब नसले तर फ्लेक्स टिकत नाय."

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. सुकापूरच्या ते पक्कं लक्षात होतं.

"ताई आल्या तर पाणी रोज येईल ना?" एका बाईने मलाच धरलं.

तेवढ्यात खरे उमेदवार काशिराम घामाघूम होऊन आले. "भावोजी, ताईंना उपसरपंच करतो, पण फॉर्म मागे घ्या!"

"अहो, फॉर्म भरलाच नाही!"

"बघा! किती मुरलेले आहेत!" ते भोवतालच्यांना म्हणाले.

आणि वसुंधरा आली. रिक्षातून! तिचा चेहरा बघूनच मला निकाल कळला.

"शेवटच्या वळणावर पाय टेकला," ती हळूच म्हणाली आणि तिची नजर वर गेली. कुणी टाळ्या वाजवल्या. काशिरामांनी तर स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला! तिचे डोळे भरले.

"काढा तो फ्लेक्स. यश कुठाय त्यात?"

माझ्याकडे एकही इंग्रजी शब्द नव्हता. मराठीही नव्हता.

गलका ऐकून सासूबाई, गंगाबाई, गल्लीतून बाहेर आल्या. मान मागे टाकून त्यांनी लेकीचा फोटो डोळे भरून पाहिला.

"जावयबापू, काय लिवलंय?"

"स्कूटीच्या परीक्षेबद्दल अभिनंदन."

"पास झाली?"

"नाही."

"परत देनार हाय ना?"

वसुंधरेने नाक पुसत मान हलवली.

"मंग काढता कशाला? र्‍हाऊ द्या. परत लागंल."

वसुंधरा आधी हुंदका देत होती, मग हसायला लागली. दोन्ही एकदमच चालू होतं. काशिरामांना काहीच कळलं नाही, पण स्पर्धा नाही म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या महिन्यात ती पास झाली. तोवर उन्हाने साहेबांचा चेहरा पार उडाला होता. वसुंधरा मात्र शाबूत होती. त्या फ्लेक्सखालून आम्ही स्कूटीने गेलो. ती पुढे, मी मागे, मांडीवर पेढे.

"घट्ट धरून बसा," ती म्हणाली.

मी बसलो. मला सायकलसुद्धा येत नाही.